फ्लामेंकोच्या रियाजात नडगी दुखते आणि सोलेआ नाचताना रडू येते : हे दुखणे शरीराचे की मनाचे?

पहाटरियाज (जळगाव)

नमस्कार. मी वयाच्या आठव्या वर्षापासून कथक शिकले. विशारद झाल्यावर काही वर्षे घरी मुलींचे वर्गही घेतले. आता माझे वय ३१ असून मी एका शाळेत शिकवते. चौदा महिन्यांपूर्वी पुण्यातील एका कार्यशाळेत फ्लामेंको या स्पॅनिश नृत्याची ओळख झाली आणि तेव्हापासून आठवड्यातून दोन दिवस ऑनलाइन वर्ग व रोज पहाटे गच्चीवर दोन तास रियाज असा क्रम आहे. खाली भाडेकरू राहतात, त्यामुळे घरात खिळे ठोकलेले बूट घालून नाचणे शक्य नाही. गच्चीवर साधा सिमेंटचा कोबा आहे.

गेल्या तीन महिन्यांत मी पदन्यासाचा वेग वाढवण्यासाठी एस्कोबिया, म्हणजे केवळ पायांच्या कामाचा जो लांब भाग असतो, तो जवळजवळ दुप्पट केला. तेव्हापासून उजव्या पायाची नडगी दुखू लागली. सुरुवातीला रियाजानंतर दुखत असे. आता जिना उतरताना तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच कळ येते आणि कधी कधी रात्री झोपेतही ठणका लागतो. दुखणारी जागा मी एका बोटाने दाखवू शकते. वेदनाशामक गोळी घेऊन रियाज चालू ठेवला आहे, कारण कथकमध्येही पाय दुखतच असत आणि आमच्या ताई ‘पाय बोलू लागले’ असे म्हणून पुढे नेत असत.

दुसरी गोष्ट लिहायला अधिक अवघड आहे. दोन वर्षांपूर्वी माझी आजी गेली. मला तिनेच वाढवले. ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षिकेने सोलेआ, म्हणजे फ्लामेंकोतील एक संथ, गंभीर प्रकार, शिकवताना सांगितले की आपली जखम आठवल्याशिवाय हा नाच खरा होत नाही. मी ते मनापासून ऐकले आणि रोज आजीला आठवून नाचू लागले. आता पहिल्या काही आवर्तनांतच रडू येते, घसा बंद होतो आणि पुढे शाळेत दोन-तीन तास मुलांशी नीट बोलता येत नाही. कथकमध्ये करुण रस मी अनेकदा केला आहे, परंतु तेथे यशोदा असते, राधा असते, त्यांच्या आडून रडता येते. येथे गोष्ट नाही, पात्र नाही, आडोसा नाही.

हे दोन्ही फ्लामेंकोत सर्वांनाच होते का, की माझे शरीर आणि मन या नृत्यासाठी घडलेले नाही, हे मला जाणून घ्यायचे आहे. रियाजाची सहा मिनिटांची ध्वनिफीत सोबत जोडली आहे. चित्रफीत टाकण्याचा संकोच वाटला.

धुळ्याचा फिजिओ

ताई, उत्तराचा पहिला भाग वाचून लगेच अमलात आणावा, बाकीचे सवडीने वाचले तरी चालेल: आजपासून पायाचे काम पूर्ण बंद करा आणि याच आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

याचे कारण तुमच्याच दोन वाक्यांत आहे. नाचणाऱ्यांची आणि धावणाऱ्यांची नडगी दोन प्रकारे दुखते. एका प्रकारात नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पट्टा दुखतो, पाय गरम झाला की थोडे बरे वाटते आणि विश्रांती घेतली की थांबते. हा स्नायू आणि हाडावरील आवरणाचा त्रास असतो. दुसऱ्या प्रकारात एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखते आणि रात्री झोपेतही ठणकते. तेथे हाडाला ताणामुळे बारीक चीर पडत असल्याची शंका घ्यावी लागते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये अशी चीर बहुधा दिसतच नाही. म्हणून ‘एक्स-रे स्वच्छ आहे, नाचा’ असे कोणी म्हटले तरी थांबा आणि एमआरआयबद्दल विचारा. वेळेत थांबलेले हाड काही आठवड्यांत भरून येते. चीर पुढे सरकली तर महिने जातात.

आता कथकमध्ये जे घडले नाही ते येथे का घडले, ते सांगतो. हाड हे जिवंत असते आणि ज्या भाराची सवय असेल त्यानुसार स्वतःला बांधत राहते. तुमची हाडे तेवीस वर्षे अनवाणी तत्काराला, म्हणजे कथकच्या पदन्यासाला, सरावली आहेत. त्यात पूर्ण तळवा सपाट पडतो आणि घुंगरांचे वजन घोट्यावर असते. फ्लामेंकोच्या बुटाला पाच-सहा सेंटिमीटरची टाच असते, चवड्याखाली आणि टाचेखाली बारीक खिळ्यांचा पत्रा झालेला असतो. टाचेच्या उंचीमुळे शरीराचा भार चवड्याकडे ढकलला जातो, पोटरी आखडलेल्या स्थितीत काम करते आणि गुडघे सतत किंचित वाकलेले ठेवावे लागतात. चवडा, टाच, पूर्ण पाऊल आणि बोटांचे टोक असे निरनिराळे आघात एकामागून एक होत असल्यामुळे पोटरीला सैल व्हायला वेळच मिळत नाही. थकलेला स्नायू धक्का पेलत नाही आणि तो धक्का हाडाकडे जातो. भार वाढला आणि त्याची दिशाही बदलली, मग सवय उपयोगाला येत नाही.

त्यात एक फसवी गोष्ट असते. ओटा नव्याने करताना गवंडी आधी जुना गिलावा खरवडून काढतो आणि मग नवा थर देतो. या दोहोंच्या मध्ये ओटा पूर्वीपेक्षाही कच्चा असतो. हाडाचेही तसेच आहे. नवा भार आला की शरीर आधी जुने हाड थोडे झिजवते, नवे घालायला काही आठवडे लागतात आणि नेमक्या त्याच काळात नाचणाऱ्याला आपण मजबूत झालो असे वाटत असते. तुम्ही एस्कोबिया दुप्पट केली ती याच काळात.

कोब्याबद्दल वेगळे सांगायला नको. स्पेनमध्येही हे नृत्य लाकडी फळ्यांवर केले जाते आणि चांगल्या मंचाखाली पोकळी असते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस फ्लामेंको नर्तिकांच्या नडगीवर आणि कमरेच्या हाडावर कंपन मोजणारी यंत्रे बसवून अभ्यास झाला आणि पायापासून निघालेला धक्का वरपर्यंत कसा पोहोचतो हे पाहिले गेले. पाठ आणि मान दुखण्याच्या तक्रारीही त्या नर्तिकांत आढळल्या. छाती उचललेली, कंबर किंचित आत आणि हात बराच वेळ खांद्याच्या वर, ही ढब दिसायला डौलदार असली तरी मणक्याच्या खालच्या भागाला आणि खांद्यांना तिची किंमत द्यावी लागते. लांब शेपटीचा झगा, ज्याला ते बाता दे कोला म्हणतात, त्याचे वजन काही किलो असते आणि तो पायाने उचलून फिरवावा लागतो. तुम्ही अजून त्या टप्प्यावर नसाल, तर घाई करू नका.

आणखी काही प्रश्न विचारतो. उत्तर येथे देण्याची गरज नाही, डॉक्टरांना मात्र द्या. पहाटे दोन तास उपाशीपोटी नाचता का? पाळी नियमित आहे का? लोह आणि ड जीवनसत्त्व कधी तपासले आहे का? कमी खाऊन जास्त नाचणाऱ्या मुलींत पाळी लांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा गच्चीचा स्लॅब पहाटेपर्यंतही पुरता निवत नाही. घामावाटे गेलेले पाणी आणि मीठ भरून काढले नाही, तर स्नायू लवकर थकतात आणि पुन्हा भार हाडावरच येतो. निदान एक केळे तरी खाऊन वर जा. केळ्यांच्या जिल्ह्यात राहून उपाशी नाचणे बरे नव्हे.

वेदनाशामक गोळीबद्दल एवढेच: ती दुखणे झाकते, चीर थांबवत नाही.

बारामात्रा (अमळनेर)

मी तबला वाजवतो. फ्लामेंको मी ऐकून ऐकूनच शिकलो, म्हणून नाचाबद्दल बोलण्याचा अधिकार मला नाही. परंतु ताईंनी जोडलेली ध्वनिफीत मी चार वेळा ऐकली आणि मला त्यात काहीतरी ऐकू आले, ते फिजिओ साहेबांच्या उपयोगाचे असू शकेल.

सोलेआचे आवर्तन १२ मात्रांचे असते आणि आघात ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर येतात. आपला एकतालही १२ मात्रांचा आहे, म्हणून आपल्याला ते ओळखीचे वाटते आणि तेथेच पाय घसरतो. आपल्याकडे सगळी वाट समेकडे, म्हणजे पहिल्या मात्रेकडे, जाते, तिहाई एकवर येऊन पडते आणि तेथे श्रोत्यांची मान हलते. सोलेआमध्ये वाक्य दहाव्या मात्रेवर संपते. अकरा आणि बारा या मात्रा श्वास घेण्याच्या आहेत आणि एक ही नुसती निघण्याची जागा आहे, पोहोचण्याची नव्हे.

ध्वनिफितीत तुम्ही दहावर नेमक्या येता, ते उत्तम आहे. मात्र त्यानंतर प्रत्येक आवर्तनात एकवर आणखी एक जोरदार ठोका पडतो, जो गिटारमध्ये नाही आणि टाळ्यांतही नाही. तो तुमच्या कथकचा आहे; तो समेचा पाय आहे. तत्कार उजव्या पायाने सुरू होतो, त्यामुळे तो ठोका उजव्या पायाचाच असणार, असा माझा अंदाज आहे. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली, तर तासाला ४८०० मात्रा होतात, म्हणजे ४०० आवर्तने. रोज दोन तास नाचलात, तर न मागितलेले ८०० जड ठोके एकाच पायावर पडतात, तेही कोब्यावर.

माझे ऐकणे चुकीचे असेल तर ताईंनी दुरुस्त करावे.

पहाटरियाज (जळगाव)

आपण म्हणता ते वाचल्यावर बसल्या जागी बोटांनी टेबलावर वाजवून पाहिले. एक वर उजवे बोट आपोआप पडते. चौदा महिन्यांत हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मलाही ऐकू आले नव्हते.

उद्या सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. गोळी बंद केली.

शेवभाजी

कोणाचे मन दुखावण्याचा हेतू नाही. परंतु आपल्याकडे कथक आहे, लावणी आहे, सातपुड्यात होळीला पावरा मंडळी रात्र रात्र नाचतात. हे सगळे सोडून स्पेनच्या नाचासाठी पाय मोडून घेण्याचे कारण काय? २०११ च्या त्या हिंदी चित्रपटातले गाणे पाहून अर्धा महाराष्ट्र फ्लामेंको शिकायला निघाला होता.

तापी ते ग्वादाल्किविर (भुसावळ, काही काळ सेव्हिया)

शेवभाजी यांच्या प्रश्नाला आधी थोडक्यात उत्तर देते. माणसाला ज्या नाचाने धरले, तो नाच तो करतो. सातपुड्यातील होळीचे नाव तुम्ही घेतले ते मला आवडले, कारण तेथे अंगाला राख-चट्टे लावून, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरे बांधून नाचणाऱ्यांना ‘हे कशासाठी’ असे कोणी विचारत नाही.

फ्लामेंको कथकमधून निघाले, असेही या चर्चेत कोणी लवकरच म्हणेल, म्हणून तेही आधीच सांगून टाकते. रोमा, म्हणजे युरोपातील जिप्सी लोकांची, रोमानी भाषा भारतीय-आर्य कुळातील आहे आणि त्या लोकांचे पूर्वज वायव्य भारतातून सुमारे हजार वर्षांपूर्वी निघाले, हे भाषाशास्त्राने दाखवले आहे. स्पेनमधील त्यांची पहिली लेखी नोंद १४२५ ची आहे. परंतु आज आपण ज्याला कथक म्हणतो त्याची घडण त्यानंतर पुष्कळ उशिरा झाली आणि फ्लामेंको दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाच्या मातीत रोमा, स्थानिक शेतमजूर आणि इतर अनेकांच्या गाण्यांतून वाढले. दोघे दूरचे चुलत असतील, बाप-लेक नव्हेत. बारामात्रा यांनी जे दाखवले, त्याचे मूळ याच गैरसमजात आहे: आपण आपले समजून एकवर पाय आपटतो.

मी स्पेनमधील सेव्हियामध्ये तीन वर्षे राहिले, नोकरीनिमित्त. संध्याकाळी एका छोट्या वर्गाला जात असे. पहिल्या महिन्यात शिक्षिकेने मला बूट घालू दिले नाहीत. मी घाईने पिशवीतून ते काढले, तेव्हा तिने ते उचलून खिडकीत ठेवले आणि मला भिंतीशी खुर्चीवर बसवले. वीस मिनिटे फक्त टाळ्या. त्याही मऊ, तळहाताची वाटी करून वाजवायच्या, ज्यांना पाल्मास सोर्दास म्हणतात. कोपऱ्यात एक वयस्कर गायक बसलेला असे. तो कधी ओळ लांबवी, कधी अर्ध्यावर थांबून खोकत असे आणि आम्ही टाळ्या चालू ठेवत वाट पाहायचो. दुसऱ्या आठवड्यात मला त्याचा राग आला. चौथ्या आठवड्यात लक्षात आले की तो श्वास घेतो, तेव्हा माझा खांदाही खाली येऊ लागला आहे.

या नाचाचे मानसिक ओझे बाहेरून दिसते ते दुःखाचे. प्रत्यक्षात ते अधिक करून लक्ष ठेवण्याचे आहे. नृत्य पूर्णपणे बसवलेले नसते. गायक गात असताना नर्तिकेने त्याच्या शब्दांवर पाय वाजवायचा नाही, हा कडक शिरस्ता आहे. तेव्हा फक्त मार्काहे, म्हणजे हलक्या पावलांनी आणि हातांनी जागा धरून ठेवणे. ओळ संपली की मधल्या फटीत रेमाते, म्हणजे पायांची छोटी उसळी. गायकाला आत बोलवायचे असेल तर यामादा करावी लागते, ती नीट झाली नाही तर तो येत नाही आणि मंचावर उघडे पडल्यासारखे वाटते. म्हणजे नर्तिका एकाच वेळी सर्वांना वाट दाखवत असते आणि सर्वांच्या मागूनही चालत असते. हे तासभर करणे पायांपेक्षा डोक्याला जड जाते. ताब्लाओमध्ये, म्हणजे रोज संध्याकाळी प्रेक्षकांसमोर जेथे कार्यक्रम होतात तेथे, नाचणाऱ्या मुलींना मी मंचावरून उतरल्यावर पाहिले आहे. त्यांना पाणी हवे असते आणि शांतता हवी असते, कौतुक नको असते.

ताई, तुमच्या रियाजात गायक नाही. ध्वनिमुद्रित गायक तुमची वाट पाहत नाही, तुमची यामादा ऐकत नाही. तुम्ही चौदा महिने एकटीने बोलवत आहात आणि कोणीही येत नाही. अशा वेळी माणूस अधिक जोरात पाय आपटतो. तुमची नडगी आणि तुमचे रडू यांचा उगम मला एकाच जागी दिसतो, परंतु हे माझे मत आहे, निदान नव्हे.

आता आजीबद्दल. ‘जखम आठव’ हा सल्ला मीही ऐकला आहे आणि तो अर्धवट आहे. १९३३ मध्ये बुएनोस आयरेस येथे लोर्का या स्पॅनिश कवीने दुएंदेवर, म्हणजे कलाकाराला झपाटणाऱ्या गूढ शक्तीवर, जे व्याख्यान दिले, त्यात एका वृद्ध गिटारवादकाचे म्हणणे सांगितले आहे की दुएंदे गळ्यात नसतो, तो तळपायातून आतून वर चढतो. लोक हे वाचतात आणि दुएंदेला दिवाबत्तीच्या वेळी रोज हाक मारू लागतात. तो रोज येण्याची गोष्टच नव्हे. रोज येतो तो रियाज.

आपल्या खेड्यांत माणूस गेल्यावर बायका हेल काढून रडत, ते तुम्ही लहानपणी पाहिले असेल. माझी आत्या यात प्रसिद्ध होती. गेलेल्या माणसाचे गुण, त्याची जनावरे, त्याने लावलेला लिंब, हे सर्व ती एका ठरावीक चालीत, ओळीच्या शेवटी स्वर लांबवून सांगत असे आणि बाकीच्या बायका त्या लांबवलेल्या स्वरावर येऊन मिळत. मग दारात नवीन पाहुणी दिसली की आत्या मध्येच थांबून ‘हातपाय धुवा, चहा ठेवलाय’ असे नेहमीच्या आवाजात म्हणे आणि पुन्हा चाल धरी. लहानपणी मला ते ढोंग वाटत असे. सेव्हियामध्ये त्या कोपऱ्यातल्या गायकाला सेगिरिया गाताना ऐकले, तेव्हा आत्या आठवली. मृत्यूचे इतके गडद गाणे दुसरे नाही आणि ते संपताच त्याने शेजाऱ्याला काडेपेटी मागितली. त्याचे दुःख खोटे नव्हते. चाल दुःखाला धरून ठेवत होती, म्हणून त्याला ते खाली ठेवता आले.

तुम्ही मात्र आजीला चालीच्या बाहेर, थेट छातीशी धरून नाचत आहात आणि तेही एकटीने, पहाटे, उपाशी. त्याने नाच खरा होत नाही. तुमचा घसा बंद झाला की तुमचे कान बंद होतात, आणि कान बंद झालेली नर्तिका कोम्पासच्या, म्हणजे तालाच्या आवर्तनाच्या, बाहेर जाते. तेथे कोणीही ते क्षमा करत नाही. पाय थोडे मंद असले तर चालते, ताल सुटलेला चालत नाही.

वेगाबद्दलही एक सांगते. आपण सर्वजण कार्मेन आमाया हिच्या जुन्या चित्रफिती पाहून वेगाच्या मागे लागतो. पँट घालून, पुरुषांनाही लाजवील असा पदन्यास करणारी ती बाई विलक्षण होती, यात शंका नाही. परंतु ती १९६३ मध्ये मूत्रपिंडाच्या आजाराने गेली, तेव्हा जेमतेम पन्नाशीची होती आणि ती बालपणापासून पोटासाठी नाचत आलेली होती. तिच्या वेगाची तुलना नोकरी करून पहाटे रियाज करणाऱ्या कोणाशीही करू नये. याउलट, या नाचात वय वाढलेल्या नर्तकाला जो मान मिळतो तो मला इतरत्र फारसा दिसला नाही. साठी ओलांडलेली बाई मंचावर येते, दोन पावले चालते, एक हात वर नेते आणि सगळे सभागृह ‘ओले’ म्हणते. तुम्ही ३१ वर्षांच्या आहात. घाई कशाची आहे?

शोक अनावर होत असेल, शाळेतले काम अडत असेल आणि झोप लागत नसेल, तर नाचाच्या शिक्षिकेऐवजी समुपदेशकाशी बोला. दोन वर्षांनंतरही असे होणे यात लाजण्यासारखे काही नाही.

धुळ्याचा फिजिओ

शेवटच्या परिच्छेदाला माझे पूर्ण अनुमोदन आहे आणि त्याला एक व्यावहारिक कारणही आहे. हाडाची डागडुजी मुख्यतः झोपेत आणि विश्रांतीत होते. झोप मोडलेली असेल, तर नडगीही उशिरा भरेल. म्हणून मी रुग्णाला झोपेबद्दल नेहमी विचारतो; पुष्कळांना ते विषयांतर वाटते.

लोर्का यांच्या गिटारवादकाबद्दल वाचून मजा वाटली. तळपायातून वर काय काय चढते, ते आमच्याकडे रोज पाहायला मिळते.

पुढे परत सुरू कराल तेव्हा गच्चीवर एक फळी करून घ्या: चार फूट बाय चार फूट, १८ मिलिमीटर प्लायवूडचे दोन थर, खाली रबराच्या जाड चकत्या, म्हणजे फळी आणि कोबा यांच्यामध्ये हवा राहील. जळगावातला कोणताही सुतार अर्ध्या दिवसात करून देईल. पावसाळ्यात ती आत घ्या, नाहीतर प्लाय फुगते.

पहाटरियाज (जळगाव)

सर्वांना नमस्कार. साडेतीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मध्ये लिहिण्यासारखे काही नव्हते.

एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. एमआरआयमध्ये उजव्या नडगीच्या हाडात सूज दिसली. डॉक्टर म्हणाले की चीर अजून पडलेली नाही, परंतु पडण्याच्या वाटेवर होती. सहा आठवडे पायाचे काम बंद आहे. लोह कमी निघाले, त्याच्या गोळ्या चालू आहेत. एका समुपदेशक बाईंकडे दोनदा जाऊन आले. त्याबद्दल येथे अधिक लिहीत नाही.

बूट मी खिडकीत ठेवले आहेत. रोज पहाटेऐवजी संध्याकाळी अर्धा तास आईजवळ स्वयंपाकघरात बसून नुसत्या टाळ्या वाजवते, तळहाताची वाटी करून. गायक नाही, म्हणून आईलाच गायला सांगितले. तिला आजीची, खानदेशातील कानबाई देवीची गाणी येतात. ती मेथी निवडत गाते, मध्येच थांबून कुकरच्या शिट्ट्या मोजते आणि पुन्हा भलत्याच ओळीवरून सुरू करते. तिचे गाणे बारा मात्रांत अजिबात बसत नाही. पहिल्या आठवड्यात मी तीनदा चिडले. आता वाट पाहणे थोडे जमू लागले आहे. आजीचे नाव गाण्यात येत नाही, तरी आवाजाची ओढ तिचीच आहे, आणि परवा मी ते ऐकत टाळ्या चालू ठेवल्या.

ऑनलाइन वर्गाच्या शिक्षिकेला मी सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आलेले नाही.

बारामात्रा (अमळनेर)

वाचून बरे वाटले. एक कुतूहल आहे: टाळ्या वाजवताना दहावर थांबता येते का?

पहाटरियाज (जळगाव)

हातांना येते. एक आली की उजवा पाय मात्र अजूनही हलतो. खुर्चीवर बसलेली असते आणि पायात साधी चप्पल असते, त्यामुळे तो फक्त आईला दिसतो, ऐकू कोणालाच येत नाही.